एलसीडीवरचा ठसा: रेणू अडकले की आयन साचले?

सीसीटीव्हीच्या मॉनिटरवर चौकटींच्या रेषा उमटून राहिल्या, की व्हॉट्सॲपवरचा एक सल्ला हमखास पुढे येतो: 'एलसीडीत बर्न-इन होत नाही. लिक्विड क्रिस्टल शुद्ध असतं, फक्त त्याचे रेणू अडकलेत. रात्रभर पांढरा स्क्रीन लावा, कायमचं बरं होईल.'

पहिलं वाक्य निम्मं खरं. बर्न-इन म्हणजे पडदा झिजून चित्राचा ठसा कायमचा उरणं. जुन्या टीव्हीत पडद्याचा चमकणारा थर, म्हणजे फॉस्फर, झिजायचा, ओलेडमध्ये पिक्सेल झिजतो. एलसीडीत तसं काही झिजत नाही. पण ठसा उमटतोच.

'शुद्ध' म्हणाल, तर लिक्विड क्रिस्टलमधले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पूर्ण काढता येत नाहीत. काही मूळ रसायनातच उरतात, काही कडेच्या सीलमधून किंवा रेणूंना दिशा देणाऱ्या पॉलिइमाइडच्या थरातून झिरपतात, काही अतिनील प्रकाशाने रेणू तुटून तयार होतात. १९६८ मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी दाखवलेला डिस्प्ले तर आयनांवरच चालायचा: त्यांच्या वाहण्याने द्रव घुसळला जाई आणि काच दुधी दिसे. आज तेच आयन नकोसे झालेत.

आता 'रेणू अडकले'. व्होल्टेज दिलं की लिक्विड क्रिस्टलचे रेणू वळतात आणि त्यावर पिक्सेलची छटा ठरते. व्होल्टेज गेलं की रेणू काही मिलिसेकंदांत मूळ जागी येतात. मग तासन्‌तास टिकणारा ठसा कशाचा? व्होल्टेज धन असो वा ऋण, रेणू सारखाच वळतो. आयनांचं तसं नाही, ते ध्रुवानुसार एका बाजूला सरकतात, म्हणून दर फ्रेमला ध्रुव उलटवतात. दोन काचांत ५ मायक्रॉन अंतर आणि ५ व्होल्ट धरले, तर ढोबळ हिशेबाने आयनाला पलीकडे पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. फ्रेम असते साठाव्या भागाची. बिचारा अर्ध्या वाटेतूनच परततो. मात्र पिक्सेलचा ट्रान्झिस्टर बंद होताना व्होल्टेज किंचित घसरतं, आणि ही घसर काळ्या-पांढऱ्या छटेनुसार बदलते, त्यामुळे एकच भरपाई सगळीकडे पुरत नाही. थोडं डीसी, म्हणजे एकाच दिशेचं व्होल्टेज, उरतं. चित्र तासन्‌तास तेच राहिलं, की धन आयन एका काचेकडे, ऋण दुसरीकडे साचतात, काही पृष्ठभागाला चिकटतात. चित्र बदललं तरी त्यांचं विद्युतक्षेत्र उरतं, तोच ठसा. (आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये कधी कधी रेणूंना दिशा देणारा थरच किंचित ढळतो. तिथे 'अडकले' म्हणणं बरंच जवळचं.)

पांढऱ्या स्क्रीनचा सल्ला सगळ्यात फसवा. नेहमीच्या टीएन प्रकारच्या पॅनेलमध्ये पांढरा म्हणजे जवळपास शून्य व्होल्टेज, आयपीएस आणि व्हीए या प्रकारांत मात्र पूर्ण व्होल्टेज. मॉनिटर सरळ बंद ठेवलेला बरा. क्षेत्र नसलं की आयन हळूहळू पांगतात, चिकटलेल्यांना जास्त वेळ लागतो. आणि 'कायमचं'? त्याच चार चौकटी पुन्हा दिवसरात्र लावल्या, तर रेषा पुन्हा उमटणार.