चार अधिक चार बरोबर चार

घरातले फोटो, व्हिडिओ आणि बाबांचे हळदीच्या पेढीवरचे जुने हिशोब एका जागी नीट राहावेत म्हणून 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि दोन खणांचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा, आणला. बाबांनी आधी बिल बघितलं. "म्हणजे 8 टीबी जागा झाली ना?" म्हणलं नाही, चारच, डिस्क जोडायची रेड 1 ही पद्धत लावलीय, एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर पण लिहिलं जातं, एक मेली तरी दुसरी आहेच. त्यात विंडोजनं दाखवले 3.63, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं. "आठाचे पैसे देऊन चार पण पुरते नाहीत? मार्केट यार्डात असं वजन केलं असतं तर लोकांनी काटा उचलून नेला असता."

मग रेड 5 सांगितलं. तीन डिस्क घ्या, जागा दोन डिस्कांएवढी, एक गेली तर उरलेल्या दोघींच्या आकड्यांवरनं तिसरीतलं काढता येतं. "अरे हा तर ताळाच की!" जन्मभर खतावण्या लिहिलेला माणूस, एकदम खुलला. "मग हेच लाव."

खण दोनच होते.

पहिलं सिंक, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या करणं, चालू असताना लाईट गेली, आल्यावर परत तपासणी सुरू, रात्रभर कुरकुर कुरकुर, आईनं कपाटामागं उंदराचा पिंजरा लावला. पुढच्या आठवड्यात तिनंच चुलतभावाच्या लग्नातले स्वतःचे डोळे मिटलेले फोटो डिलीट केले, हातासरशी संगीताच्या कार्यक्रमाचे सगळे फोटो पण गेले, आणि दोन्ही डिस्कांनी क्षणात आज्ञा पाळली. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे वाचलं होतं, पण आईपुढं वाचलेलं टिकत नाही.

आणि कृष्णामाई वेगळीच. आमचं घर सांगलीच्या गावभागात, 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, एकाच डब्यात दोन डिस्क म्हणजे दोघी एकदमच पोहणार. म्हणून तिसरी डिस्क घेतली, सगळं कॉपी केलं आणि साताऱ्याला आत्याकडं नेऊन दिली.

आत्यानं ती उलटीपालटी करून बघितली. "माझ्या लग्नाचे फोटो आहेत का ह्यात? नाहीत? मग मी का सांभाळू?" आणि आतनं तीन जाडजूड अल्बम आणून पुढ्यात ठेवले, बटरपेपरला चिकटलेले फोटो, प्रत्येक वेगळा सोडवून स्कॅन करायचा. बाबा पेढा खाता खाता म्हणाले, "3.63 मध्ये बसतील ना रे?"