‘श्रिंक’ हा शब्द ‘शीर्ण’पासून आलेला नाही

27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर भाषाविषयक संदेशांना भरती येते. कुसुमाग्रजांच्या गावात असे व्हावे हे स्वाभाविक आहे आणि मला ते मनापासून आवडतेही. मात्र कॉलेज रोडवरच्या स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांपासून पंचवटीतल्या ज्येष्ठांच्या गटांपर्यंत सगळीकडे फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लहान होणे या अर्थाचा इंग्रजी ‘श्रिंक’ हा संस्कृत ‘शीर्ण’ या शब्दाचा अपभ्रंश आहे; त्याचा मूळ अर्थ केवळ आकाराने कमी होणे हाच असून ‘कचरणे’ हा अर्थ त्याला अलीकडे चिकटला; मानसोपचारतज्ज्ञाला ‘श्रिंक’ म्हणतात ते तो रुग्णाचे दुःख लहान करतो म्हणून; आणि इंग्रजीतले घट दाखवणारे सगळेच शब्द अशा रीतीने संस्कृतातून गेले आहेत.

पहिला मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे. दोन्ही शब्दांत ‘श’ आहे, ‘र’ आहे, अनुनासिक आहे, आणि ‘जीर्णशीर्ण’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर झिजलेले, वाळलेलेच काहीतरी येते. पण ही तुलना इंग्रजी शब्दाच्या आजच्या रूपाशी केली आहे आणि तिथेच ती फसते. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘स्क्रिंकान’ असे होते. त्याच्या आरंभीचा ‘स्क’ पुढे इंग्रजीत ‘श’ झाला, आणि हे एकट्या याच शब्दाचे झालेले नाही. ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हे मुळात एकच शब्द आहेत. पहिला इंग्रजीत घरीच वाढला म्हणून त्यात ‘श’ आला, दुसरा उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आला म्हणून त्याचा ‘स्क’ टिकला. ‘श्रिंक’चा नातेवाईक असलेल्या स्वीडिश शब्दातही तो टिकला आहे: तिकडे सुरकुतीला ‘स्क्र्युंका’ म्हणतात.

संस्कृतातल्या ‘श’ची कथा पूर्णपणे वेगळी आहे. तो ‘श’ ज्या प्राचीन ध्वनीपासून आला, त्याचा लॅटिनमध्ये ‘क’ झाला आणि इंग्रजीच्या जर्मानिक कुळात ‘ह’ झाला. संस्कृत ‘शत’ला लॅटिनमध्ये ‘केंटुम’ आणि इंग्रजीत ‘हंड्रेड’. ‘श्वन्’ला ‘कानिस’ आणि ‘हाउंड’. ‘शृंग’ला ‘कोर्नू’ आणि ‘हॉर्न’. तेव्हा ‘शीर्ण’चा सख्खा नातलग इंग्रजीत शोधायचाच असेल तर तो ‘ह’ने सुरू होणाऱ्या शब्दांत शोधावा लागेल. ‘श्रिंक’मधला ‘श’ त्या मानाने अगदी अलीकडचा आहे, आणि त्याचे ‘शीर्ण’शी जुळणे हा निव्वळ योगायोग आहे.

दुसऱ्या मुद्द्यात अर्थांचा क्रमच उलटापालटा झाला आहे. या शब्दाचे जुने अर्थ वाळणे, कोमेजणे, अंग आत ओढून घेणे असे आहेत. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजी शुभवर्तमानात अंजिराचे झाड वाळून जाते, तिथे याच क्रियापदाला उपसर्ग लावून ते वापरले आहे. आणि 1611 च्या इंग्रजी बायबलात याकोबाच्या मांडीची शीर आखडते, तिथेही हेच क्रियापद आहे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हा अर्थ बेदाण्याच्या शेडमध्ये पाहता येईल. जाळीवर पसरलेल्या द्राक्षांतले पाणी दोनेक आठवड्यांत उडून जाते, ताणलेली साल सैल पडते, तिच्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा हाती येतो. सुकणे, सुरकुतणे आणि आकाराने कमी होणे या तीन गोष्टी तिथे एकाच मण्यात घडतात. या शब्दाच्या अर्थाचा प्रवासही याच वाटेने झाला असावा असे मला वाटते. निव्वळ आकार कमी होण्याचा अर्थ तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, आणि भीतीने वा किळसेने मागे सरण्याचा त्यानंतर लगेच, चौदाव्या शतकात. सहाएकशे वर्षांच्या वापराला अलीकडचा म्हणता येत नाही. घाबरलेला माणूस अंग चोरतो हे आपल्यालाही ठाऊक आहे, त्यामुळे या अर्थाला वेगळे स्पष्टीकरण लागू नये.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते, कारण हा संदेश वाचून एखादा विद्यार्थी तो शब्द आदरार्थी समजून वापरील. मानसोपचारतज्ज्ञासाठीचा ‘श्रिंक’ हे ‘हेडश्रिंकर’ या अमेरिकी बोलीतल्या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. ‘हेडश्रिंकर’ या अर्थाने 1950 मध्ये छापील स्वरूपात आढळतो, तेव्हा तो हॉलीवूडमधला थट्टेचा शब्द होता. नुसता ‘श्रिंक’ 1960 च्या दशकात रूढ झाला. इक्वेडोर आणि पेरू यांच्या सीमेवरच्या ॲमेझॉनच्या जंगलातले शुआर लोक मारलेल्या शत्रूच्या डोक्याची कातडी कवटीपासून सोडवीत, ती उकळीत, तापलेले दगड आणि वाळू आत घालून मुठीएवढी आकसवीत. त्या वस्तूला ते ‘त्सांत्सा’ म्हणत. डोके लहान करणारा तो ‘हेडश्रिंकर’. डोक्याशी खेळणारा मांत्रिक असा टोमणा त्यात आहे, दुःख हलके करणाऱ्याचे कौतुक नाही. मानसोपचार घ्यायला आजही अनेकजण संकोचतात. अशा वेळी हेटाळणीच्या शब्दाला गोड अर्थ चिकटवून तो पसरवणे मला योग्य वाटत नाही.

उरला शेवटचा मुद्दा. घट दाखवणारा ‘ड्विंडल’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘ड्विनान’, म्हणजे झुरणे, क्षीण होणे, या क्रियापदातून निघाला आहे, आणि डच भाषेतला नाहीसे होणे या अर्थाचा ‘फरड्वैनन’ हा त्याचा भाऊबंद आहे. संस्कृतातून तो गेल्याचा कोणताही पुरावा नाही. संस्कृतशी ज्यांचे खरे नाते आहे असे शब्द मात्र या संदेशात आलेलेच नाहीत, याची मला खंत वाटते. ‘डिमिनिश’ आणि ‘मायनस’ हे लॅटिनमधून आलेले शब्द आणि संस्कृत ‘मिनाति’, म्हणजे कमी करते, हे एकाच मुळाचे आहेत. ऋग्वेदात उषेला ‘प्रमिनती मनुष्या युगानि’ म्हटले आहे: रोज उगवून ती माणसांचे आयुष्य घटवत जाते. चंद्र क्षीण होण्यासाठी वापरला जाणारा इंग्रजी ‘वेन’ आणि संस्कृत ‘ऊन’, म्हणजे न्यून, यांचेही नाते अभ्यासकांनी मान्य केलेले आहे.

हे नाते मायलेकीचे नाही, बहिणीबहिणींचे आहे. 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान भाषेतून झाला असावा असे मांडले, ते याच अर्थाने. त्या ‘ऊन’पासून आलेला ‘उणे’ हा शब्द आपल्या शाळेतली मुले ‘पाच उणे दोन’ म्हणताना रोज उच्चारतात, आणि इंग्रजीतल्या ‘वेन’शी त्याचे असलेले नाते ध्वनीच्या नियमांनी आणि जुन्या लेखनाने सिद्ध होते. पुढच्या फेब्रुवारीत संदेश पाठवायचाच असेल तर तो या शब्दाचा पाठवावा.