‘जँगो 6.0 आलं, आता सेलेरी काढून टाका’ : हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी

पायथॉनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या जँगोबद्दल, म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कबद्दल, एक पोस्ट फिरते आहे. मी ती सुरुवातीला सोडून दिली, कारण अशा पोस्टना उत्तरं देत बसलं तर दुसरं काम होणार नाही. पण मग ती माझ्या भाचीपर्यंत पोचली. ती सांगलीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या ग्रुपने पोस्ट वाचून आपल्या प्रोजेक्टमधून सेलेरी (मेल पाठवण्यासारखी कामं मागे चालवणारं पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड) काढून टाकली, आणि तिने मला विचारलं, “मावशी, मग मी माझं पॅकेज पब्लिश तरी कशाला करू? चाललं तर जँगोवाले उचलणारच ना?” आता गप्प बसवत नाही.

पोस्टचा मथळा आहे ‘जँगोने प्लगिन संपवले’. दावे पाच. एक, लोकांनी फुकट बनवलेली पॅकेजं लोकप्रिय झाली की जँगो ती ढापतं, ‘आयत्या बिळावर नागोबा’. दोन, म्हणून 6.0 वर गेलात की सेलेरी, जँगो-सीएसपी आणि टेम्प्लेट-पार्शल्स या ओळी रिक्वायरमेंट्समधून, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतून, सरळ उडवा. तीन, एकदा गोष्ट कोअरमध्ये, म्हणजे जँगोच्या स्वतःच्या कोडात, आली की ती कायमची सुरक्षित. चार, स्वतःचं पॅकेज लिहिणं म्हणजे वेळ वाया. पाच, या सगळ्याने जँगो जड झालं आहे.

मुळात घडलं एवढंच : 3 डिसेंबर 2025 ला जँगो 6.0 आलं. त्यात तीन गोष्टी अशा आहेत, ज्यांच्यासाठी आधी बाहेरचं पॅकेज घ्यावं लागायचं. एकाच टेम्प्लेट फाइलमध्ये छोटे तुकडे नाव देऊन वापरायची सोय, म्हणजे पार्शल्स. ब्राउझरला कुठली स्क्रिप्ट चालवायची आणि कुठली नाही हे सांगणारा सीएसपी हेडर. आणि मागे चालणाऱ्या कामांसाठी टास्क्स.

सुरुवात दुसऱ्या दाव्यापासून करते, कारण त्याने लोकांची चालती सॉफ्टवेअर मोडत आहेत.

6.0 च्या रिलीज नोट्स काढून वाचा. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की काम तयार करणं आणि रांगेत लावणं जँगो बघतं, पण ते काम प्रत्यक्ष चालवणारा वर्कर जँगो देत नाही. तो बाहेरूनच आणायचा आहे. सोबत दोन बॅकएंड (सोपवलेल्या कामाचं काय करायचं ते ठरवणारे भाग) येतात, इमिजिएट आणि डमी. दोन्ही डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगपुरते. पोस्ट लिहिणाऱ्याने हे एवढं जरी वाचलं असतं तरी त्याला दुसरा दावा लिहिता आला नसता.

आता ते वाचलं नाही तर काय होतं ते बघा. मुलांचं प्रोजेक्ट कॉलेजच्या टेक फेस्टच्या नोंदणीचं. फॉर्म भरला की विद्यार्थ्याला पासची पीडीएफ मेलने जाते. सेलेरी असताना व्ह्यू, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड, फक्त रांगेत चिठ्ठी टाकायचा, पान लगेच ‘नोंदणी झाली’ म्हणायचं आणि मेल मागे वर्कर पाठवायचा. यांनी सेलेरीचा डेकोरेटर (फंक्शनच्या वर लावायची खूण) काढून जँगोचा टास्क डेकोरेटर लावला, ‘डिले’च्या जागी ‘एनक्यू’ लिहिलं आणि सर्व्हर चालू केला. एरर नाही. चाललं! सेटिंग्जमध्ये काही लिहिलं नसलं तर जँगो इमिजिएट बॅकएंड घेतं. तो काम रांगेत ठेवतच नाही, तिथल्या तिथे, त्याच रिक्वेस्टमध्ये करून टाकतो. म्हणजे पीडीएफ बनणार, मेल सर्व्हर उत्तर देणार आणि तोवर फॉर्म भरणारा गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसणार. एकट्याने लॅपटॉपवर तपासताना ते जाणवत नाही. शेवटच्या दिवशी सगळे एकदम नोंदणी करतात तेव्हा सर्व्हर आडवा होतो.

याहून वाईट भाग पुढे आहे. मेल सर्व्हरने नकार दिला, तर इमिजिएट बॅकएंड ती चूक पकडतो, निकालात ‘फेल’ अशी नोंद करतो, लॉगमध्ये लिहितो आणि पुढे जातो. व्ह्यूने तो निकाल मुद्दाम तपासला नाही तर पानावर ‘नोंदणी झाली’ येतंच. पुन्हा प्रयत्न होत नाही. तो निकाल नंतर आयडी देऊन मागता येत नाही, कारण तो कुठे साठवलेलाच नसतो. सेलेरीत ‘इतक्या वेळा पुन्हा प्रयत्न कर’ असं सांगता येतं, बीट हा तिचा वेळापत्रकाचा भाग लावून रोज रात्रीची कामं ठरवता येतात. यातलं काहीही 6.0 मध्ये आयतं नाही. फेस्टची नोंदणी आहे म्हणून ठीक. हाच प्रकार एखाद्या पतसंस्थेच्या हप्त्याच्या पावत्यांवर किंवा दवाखान्याच्या अपॉइंटमेंटवर झाला तर त्याची जबाबदारी कोण घेणार, फॉरवर्ड करणारा?

मग जँगोने नेमकं दिलं काय? सगळ्यांनी एकाच पद्धतीने काम सोपवावं असा सामायिक इंटरफेस. हे छोटं वाटतं, पण आहे मोठं. आजवर दुसऱ्यांना वापरायला पॅकेज लिहिणाऱ्याला मागे मेल पाठवायचा असेल तर सेलेरी घ्यायची की आरक्यू हे तसंच दुसरं पॅकेज, हे आधीच ठरवावं लागायचं आणि वापरणाऱ्यावर ते लादलं जायचं. आता तो नुसतं ‘हे काम रांगेत लाव’ असं लिहू शकतो आणि रांग कुठली ते वापरणारा ठरवतो. म्हणजे पॅकेज लिहिणाऱ्यांसाठी जागा वाढली आहे. पोस्ट बरोबर उलटं सांगते.

सीएसपीचंही तसंच. जुन्या पॅकेजचं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट आणि उत्तरावर चालणारा मधला कोड) काढलं आणि जुन्या सेटिंग्ज तशाच ठेवल्या तर जँगो त्यांच्याकडे बघतही नाही. कोअरच्या सेटिंगचं नाव वेगळं आहे, ‘सिक्युअर सीएसपी’, आणि मिडलवेअरही वेगळं लावावं लागतं. ते केलं नाही तर साइट चालते, दिसते, फक्त हेडर गायब होतो. सुरक्षा गेली आणि कुणाला कळलंही नाही. पार्शल्सच्या बाबतीत मात्र ओळ काढणं ठीक आहे. इन्स्टॉल्ड ॲप्समधून नाव काढा, टेम्प्लेटच्या वरची ‘लोड पार्शल्स’ काढा, झालं. त्यासाठी मायग्रेशन गाइडसुद्धा आहे. तिनातली एक गोष्ट बरोबर निघाली म्हणून उरलेल्या दोन खपवायच्या, हे मला मान्य नाही.

आता ढापण्याचा आरोप. भाचीच्या मनात हाच रुतून बसला आहे, म्हणून तोही नीट बघू.

बाहेरचं पॅकेज जँगोत येण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण साऊथ. जुन्या जँगोत ‘सिंकडीबी’ ही कमांड होती. ती नवी टेबलं बनवायची, पण असलेल्या टेबलात एक कॉलम वाढवायचा म्हटलं की हात वर करायची. अँड्र्यू गॉडविनने 2008 मध्ये असे बदल करून देणारं साऊथ आणलं आणि काही वर्षांतच साऊथशिवाय जँगोचं प्रोजेक्ट दिसेनासं झालं. मग ते कोअरमध्ये आणलं कुणी? खुद्द गॉडविनने. 2013 मध्ये त्याने किकस्टार्टरवर यासाठी 2,500 पौंड मागितले आणि लोकांनी 17,000 पौंडांहून जास्त दिले. 2 सप्टेंबर 2014 ला आलेल्या जँगो 1.7 मध्ये मायग्रेशन्स, म्हणजे टेबलांतले बदल फाइलींत लिहून ठेवायची सोय, आली ती अशी, मूळ लेखकाच्या हातून आणि वापरणाऱ्यांच्या पैशातून. यात चोर कोण आणि मालक कोण, ते पोस्टवाल्याने सांगावं.

आणि ती नक्कल नव्हतीच. साऊथच्या मायग्रेशनची फाइल ज्यांनी उघडली आहे त्यांना तिच्या तळाशी असलेली ती भलीमोठी डिक्शनरी आठवत असेल. त्या क्षणी मॉडेल्स, म्हणजे कोडमधली टेबलांची वर्णनं, कशी होती याची गोठवलेली प्रत, दर फाइलमध्ये नव्याने. एक फील्ड वाढवलं तरी फाइल दोन-तीन स्क्रीन लांब. दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर मायग्रेशन लिहिलं की मर्ज करताना डोकेदुखी. जँगोत येताना गॉडविनने हे सगळं मोडून पुन्हा लिहिलं. फाइलमध्ये फक्त ‘हे फील्ड वाढव’ अशा क्रिया आणि ‘आधी ते मायग्रेशन चालव’ अशी अवलंबनं. मॉडेल्सची स्थिती त्या क्रिया क्रमाने लावून मेमरीत उभी करायची. स्वतःच्या पॅकेजमध्ये वर्षानुवर्षं खुपत राहिलेल्या चुका दुरुस्त करायची संधी त्याला मिळाली.

पार्शल्सची गोष्ट तर भाचीने पाठच करावी. मूळ पॅकेज कार्लटन गिब्सन यांचं. ते कोअरमध्ये आणण्याचं काम 2025 च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये एका विद्यार्थ्याने केलं. विद्यार्थ्याने! ज्या वयात आपल्या मुलांना ‘करून काय उपयोग’ असं शिकवलं जातं आहे, त्याच वयाच्या मुलाचं काम आज जगभरच्या जँगोत आहे.

परवान्याबद्दलही पोस्टमध्ये अर्धवट लिहिलं आहे. बीएसडी परवान्याचा कोड कुणीही वापरू शकतो, हे खरं. पण मूळ कॉपीराइटची सूचना ठेवावी लागते. आणि जँगोचा जो करार योगदान देणारे करतात, त्यात कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशनला मिळतो तो वापराचा परवाना.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. कोअरमध्ये आल्यावर मूळ पॅकेजचं आयुष्य बदलतं. साऊथ 1.0 ही शेवटची मोठी आवृत्ती ठरली, हे खरं आहे. 1.7 वर जाताना सगळी मायग्रेशन्स आधी सर्व्हरवर चालवून घ्या, मग आकडेवाल्या जुन्या फाइली उडवा, त्यांच्या पीवायसी फाइलीही (पायथॉनने आपोआप बनवलेल्या) विसरू नका, मग नव्याने मायग्रेशन बनवा, हे ज्यांनी केलं त्यांना ते सोपं गेलं नाही. (बंद पडतानासुद्धा साऊथने एक सोय करून ठेवली. 1.0 आधी ‘साऊथ मायग्रेशन्स’ नावाचं फोल्डर शोधतं, म्हणजे पॅकेजवाल्यांना जुनं आणि नवं दोन्ही सोबत देता यावं.) शिवाय कोअरची गती सावकाश. नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते आणि चुकीचं ठरलेलं काही काढायचं तर आधी इशारा देऊन दोन आवृत्त्या थांबावं लागतं. ‘लोकांनी फुकट बनवलेली’ हे पोस्टमधलं म्हणणंही अगदीच खोटं नाही. 17,000 पौंडांत जे झालं त्यावर केवढ्या कंपन्या आजवर कमावत आल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी परत काही दिलेलं नाही. पण ही तक्रार त्या कंपन्यांबद्दलची आहे. तिचं बिल जँगोच्या मेंटेनरच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांच्या, नावावर फाडू नका.

तिसरा दावा, कोअर म्हणजे कायमचं. साफ चूक. जँगोत एके काळी कॉमेंट्स होत्या, फॉर्मटूल्स होतं, दोन्ही 1.8 मध्ये बाहेर गेले. आपल्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण म्हणजे लोकलफ्लेवर. देशोदेशींच्या फॉर्म फील्डचा तो संग्रह, त्यात भारताची राज्यं आणि पिनकोडही होते. नोव्हेंबर 2013 च्या 1.6 मध्ये तो कोअरबाहेर काढला आणि आता वेगळं पॅकेज म्हणून चालतो. कारण उघड आहे. कुठल्या देशाचा पिनकोड कसा असतो हे कोअर टीमने कसं तपासायचं? आणि 2 जून 2014 ला तेलंगण झालं. यादी कोअरमध्येच असती तर एका राज्याच्या नावासाठी जँगोच्या पुढच्या आवृत्तीची वाट बघावी लागली असती. बाहेर असल्यामुळे ती अडचण राहिली नाही. रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कमध्येही अशी ये-जा झाली आहे. 2013 च्या रेल्स 4 ने स्ट्राँग पॅरामीटर्स हे जेम (रूबीत पॅकेजला जेम म्हणतात) आत घेतलं आणि आधीची पद्धत वेगळ्या जेममध्ये बाहेर काढली.

चौथ्या दाव्यावर जास्त लिहीत नाही. जँगो रेस्ट फ्रेमवर्क इतकी वर्षं घराघरात वापरलं जातं आणि बाहेरच आहे. डीबग टूलबार बाहेर आहे, ऑलऑथ बाहेर आहे. लोकप्रिय झालं की गिळतात हे खरं असतं तर ही तिन्ही कधीच आत दिसली असती. आणि जे आत आलं ते आधी बाहेर कुणीतरी लिहिलं, वापरलं, त्याच्या चुका काढल्या, म्हणूनच आलं.

पाचवा, जडपणाचा. सीएसपीचं मिडलवेअर तुम्ही स्वतः यादीत घातल्याशिवाय चालत नाही. टास्क्स वापरले नाहीत तर रांग लागत नाही. पार्शल्सचा टॅग लिहिला नाही तर टेम्प्लेट आधीसारखीच चालते. जँगोचा वेग कमी झाला म्हणणाऱ्याने मोजून दाखवावं. पोस्टमध्ये एकही मोजमाप नाही.

जे पोस्टने सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही ते असं : 6.0 ला पायथॉन 3.12 किंवा त्यापुढचं लागतं, आणि ते दीर्घ सपोर्टची आवृत्ती नाही. तशी आवृत्ती 5.2 आहे, तिला एप्रिल 2028 पर्यंत सिक्युरिटी दुरुस्त्या मिळणार आहेत. 5.2 वर असलेल्यांना पार्शल्स आणि सीएसपी आजही बाहेरच्या पॅकेजमधूनच घ्यावे लागतात आणि पुढेही लागतील. ‘संपलेल्या’ त्या पॅकेजांचे मेंटेनर त्या लोकांसाठीच अजून कामाला बसतात. सेलेरीची ओळ तर 5.2 वर असा की 6.0 वर, दुसरा वर्कर लावून तपासून होईपर्यंत जागची हलवू नका.