जांभळा दिवा, 24 तास, 15 दिवस: एका फिरत्या मेसेजची झाडाझडती

पावसाळा आला की गच्चीबागेच्या गटांमध्ये एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: 'ऊन नसलं तरी काळजी नको. जांभळा ग्रो लाइट आणा. कुंडीतल्या मातीत कुठलीही बी टाका आणि पेरल्या दिवसापासून दिवा 24 तास चालू ठेवा. 15 दिवसांत टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, पुदिना, सगळ्यांची रोपं लावायला तयार. घरातली पांढरी ट्यूब चालत नाही, तिच्यात झाडाला लागणारे रंगच नसतात. 1000 वॅटचा दिवा घेतलात तर आणखी उत्तम.'

उन्हाशिवाय घरात रोपं होतात, एवढा भाग खरा. ऑगस्ट-सप्टेंबरात हिवाळी टोमॅटो-मिरचीची रोपं करायची वेळ येते आणि आभाळ भरलेलंच असतं, तेव्हा दिवा कामाला येतो. ज्यांच्या बाल्कनीत रोज चार-पाच तास थेट ऊन येतं, त्यांनी ऑक्टोबर ते मे या काळात दिव्याच्या फंदात पडायचं काही कारण नाही. फुकटचं ऊन कुठल्याही दिव्यापेक्षा सरस. मेसेजचा घोळ असा, की सगळा भार त्याने दिव्याच्या रंगावर टाकलाय. रंगामुळे रोप बिघडणं विरळाच. पानावर पडणारा उजेड कमी असतो, माध्यम (बी पेरायचं मिश्रण) गच्च ओलं असतं, बी गारठलेली असते किंवा रोप लावायचं वय चुकतं. रोपं बिघडतात ती यामुळे.

'पांढऱ्या ट्यूबमध्ये झाडाला लागणारे रंग नसतात'

असतात. प्रकाशसंश्लेषणाला 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातला, म्हणजे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा सगळा प्रकाश उपयोगी पडतो. पानातून हरितद्रव्य वेगळं काढून द्रावणात मोजलं, तर ते निळा आणि तांबडा रंग जास्त शोषतं, हिरवा फार कमी. जांभळ्या दिव्यांची जाहिरात या एका आलेखावर उभी आहे. पण अख्खं पान द्रावणासारखं वागत नाही. हिरवा प्रकाश पानात खोलवर जातो, आत इकडून तिकडे परावर्तित होतो आणि त्याचा बराचसा भाग वापरला जातो. संशोधक कीथ मॅक्क्री यांनी 1972 मध्ये अनेक पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांत हे स्पष्ट दिसलं होतं.

पांढरा एलईडी म्हणजे तरी काय? निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडातून दुसरे रंग काढणाऱ्या पदार्थाचा थर. त्यामुळे निळा त्यात असतोच, फॉस्फरमधून हिरवा, पिवळा, तांबडाही मिळतो. खोक्यावर 6500 के (केल्विन, उजेडाच्या रंगछटेचं माप) लिहिलेली 'कूल डेलाइट' ट्यूब रोपांसाठी चांगली, कारण तिच्यात निळ्याचा वाटा जास्त असतो आणि निळ्याने रोप बुटकं, दणकट राहतं. 2700 के चा पिवळसर दिवा लावला तर तेवढ्याच उजेडात रोपं जरा उंच होतात.

जांभळ्या दिव्याने झाडाचं वाईट होतं, असं मात्र नाही. चांगल्या तांबड्या चिपमधून विजेच्या एका युनिटमागे प्रकाश जास्तच मिळतो, म्हणून मोठ्या पॉलिहाऊसमध्ये त्याला अर्थ आहे. घरातल्या दोन ट्रेंना तो फरक जाणवत नाही. उलट जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही, मावा आणि कोळी या बारीक किडीही नजरेतून सुटतात. शिवाय बाजारातले ग्रो बल्ब बहुधा आट्यांचे असतात आणि आपल्याकडचे होल्डर पिनांचे, म्हणजे वर अडॅप्टर आलाच.

'1000 वॅटचा दिवा घ्या'

खोक्यावर 1000 आणि प्रत्यक्षात वीज ओढतो 100 वॅटच्या आसपास, असे दिवे सर्रास विकले जातात. तो आकडा 'समतुल्य' वॅटचा असतो, आणि कशाशी समतुल्य हे कुठेच लिहिलेलं नसतं. मागच्या बाजूच्या लेबलवर प्रत्यक्ष वॅट छापलेले असतात, तेवढेच वाचावेत. अर्थात वॅटवरूनही फक्त बिल कळतं. रोपाला कळतो तो पानावर पडलेला उजेड.

तो मोजायला फोनमधलं लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं ॲप पुरतं. आकडा ढोबळ येतो, पण इथे ढोबळ चालतो. फोन पानांच्या उंचीवर, सेन्सर वर करून धरा. पांढऱ्या एलईडीखाली भाजीच्या रोपांना 10,000 ते 15,000 लक्स हवेत, रोज 14 ते 16 तास. 70 ने भागलं की साधारण मायक्रोमोलचा (झाडाला उपयोगी उजेडाच्या मापाचा) आकडा मिळतो, म्हणजे इथे 140 ते 215. तुलनेसाठी, स्वच्छ दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात आणि खिडकीपासून चार फूट आत पावसाळी दिवशी जेमतेम काही शे. आपल्या डोळ्यांना ती खोली उजेडाची वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. टोमॅटोच्या रोपाला ती सोय नाही.

आता मांडणी. 20 वॅटची चार फुटी एलईडी बॅटन (पट्टीसारखी ट्यूब) साधारण 2000 ल्युमेन, म्हणजे एवढा एकूण उजेड देते. 120 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद फळीवर अशा तीन बॅटन शेजारी शेजारी लावा, दोन बॅटनमध्ये 8-10 सेंटिमीटर अंतर ठेवा आणि कडेला पांढरा पुठ्ठा उभा करा. पानांवर 10,000 लक्सच्या आसपास उजेड पडतो. एकाच बॅटनवर भागवायला गेलात तर रोपं जगतात, पण लांबुडकी होतात.

बॅटन साखळीने टांगा, म्हणजे वरखाली करता येते. पानांच्या टोकापासून 10 ते 15 सेंटिमीटर वर ठेवा आणि रोपं वाढतील तशी उचला. एकट्या बल्बचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. तीन लांब बॅटनच्या खाली तो इतक्या झपाट्याने घटत नाही, तरीही दोन फूट उंचीवर टांगलेला दिवा रोपांच्या दृष्टीने शोभेचाच. वायर भिंतीतल्या प्लगकडे नेताना आधी प्लगच्या खाली झोळ द्या आणि मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळापाशी गळून पडतं. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका.

रोपं लांबुडकी झालीच, तर टोमॅटोला उपाय आहे: कुंडी बदलताना खोड बीजदलांपर्यंत (उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत) मातीत गाडा, त्याला मुळं फुटतात. मिरचीचं खोड अशी मुळं सहसा फोडत नाही. ती खोल गाडून फायदा नाही, पुन्हा पेरलेली बरी.

'24 तास चालू ठेवा'

हा सल्ला सगळ्यात नुकसानीचा. सतत उजेडात टोमॅटोची पानं ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळी पडतात आणि पुढे करपतात. वांग्याचंही तसंच. ही गोष्ट शास्त्रज्ञांना शतकभरापासून माहीत आहे. लोक मात्र पिवळं पान दिसलं की खत घालतात आणि दुखण्यावर दुखणं वाढवतात. 14 ते 16 तास उजेड आणि बाकी अंधार, हे टोमॅटो, वांगी, मिरची, तुळस, बेझिल सगळ्यांना मानवतं.

कांदा मात्र यात बसत नाही. आपल्याकडच्या कांद्याच्या जाती लहान दिवसाच्या आहेत, 11-12 तासांच्या उजेडातच त्या गड्डा धरू लागतात. 16 तासांच्या दिव्याखाली रोप वाढायच्या आधीच बुडाशी छोटी गोटी धरतं. कांद्याला 10 तास पुरे. कोथिंबीरही लांब दिवसात आणि उष्ण हवेत लवकर फुलावर जाते.

तास मोजायला खटके असलेला यांत्रिक टायमर स्वस्तात मिळतो. वीज गेली की तोही थांबतो, त्यामुळे भारनियमनाच्या भागात आठवड्यातून एकदा त्याचं घड्याळ जुळवून घ्या. वर सांगितलेल्या तीन बॅटन 16 तास चालवल्या तर दिवसाला जवळपास 1 युनिट जळतं. 24 तास चालवल्या तर दीडपट, तेही पान पिवळं करायला.

'पेरल्या दिवसापासून दिवा'

टोमॅटो, मिरची, वांग्याच्या बियांना उगवायला उजेड लागत नाही. ऊब लागते. मिरचीला 25 ते 30 अंश सेल्सिअस मिळालं तर 7 ते 14 दिवसांत उगवते, 18 अंशांत तीन आठवडे नुसती पडून राहते आणि बरेचदा कुजते. टोमॅटो 25 अंशांच्या पुढे 5 ते 8 दिवस घेतो. आपल्याकडे पावसाळ्यातही घरात ही ऊब असते, म्हणून हा मुद्दा कुणाच्या ध्यानात येत नाही. न्यू जर्सी किंवा टोरोंटोत तळघरात रोपं करणाऱ्या मराठी घरांना तो चांगलाच नडतो. तिथे मेमध्ये बाहेर लावायची मिरची मार्चमध्ये पेरावी लागते आणि तळघर 16-17 अंशांवर असतं. त्यांनी आधी ट्रेखाली घालायची हीट मॅट घ्यावी, दिव्याचं नंतर बघावं. उगवण झाली की मॅट बंद.

लेट्यूसचं उलटं. तिच्या बारीक बिया उजेडात उगवतात, वरच्या वर भुरभुरायच्या, आणि तापमान 28-30 अंशांपुढे गेलं की त्या झोपून राहतात. बेझिल आणि तुळशीच्या बियांवरही माध्यमाचा नुसता हलका हात फिरवा. बाकी बियांना नियम एकच, बीच्या जाडीच्या दुप्पट खोली.

मातीतून पहिला वाकडा कोंब डोकावला, की त्याच दिवशी दिवा सुरू करा. एक दिवस जरी अंधारात राहिला तरी खोड सुतासारखं ताणलं जातं आणि मग ते आखूड होत नाही.

'कुंडीतल्या मातीत कुठलीही बी टाका'

घरातली निम्मी रोपं इथे मरतात. कुंडीतली माती छोट्या कप्प्यात दाबली जाते, पाणी धरून बसते, आणि तिच्यात पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशी आधीच असतात. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी जमिनीलगत खोड बारीक होऊन आडवं झालेलं दिसलं, की समजायचं मर लागली. हळद भुरभुरून ते उठत नाही. तो कप्पा आणि शेजारचे कप्पे मातीसकट काढून टाकायचे.

त्यापेक्षा तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत घ्या. 650 ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून सुमारे 8 लिटर होते. ती दोन-तीनदा पाण्यात धुऊन पिळून घ्या, कारण स्वस्त विटेत क्षार राहिलेले असतात आणि त्याने पानांच्या कडा जळतात. मूठभर मिश्रण आवळलं की एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. रोपवाटिकांत वापरतात तो 98 कप्प्यांचा प्रो-ट्रे टोमॅटो-मिरचीला ठीक आहे. घरी जरा मोठे, 50 कप्प्यांचे घेतले तर पाण्याची चूक पचते. पेरणीच्या वेळी माध्यमात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) मिसळला तर मर कमी होते, मात्र तो आधी द्यायचा, रोग आल्यावर नाही.

पाणी ट्रेच्या खालून द्या: तळाच्या ताटलीत ओता, अर्ध्या तासाने उरलेलं फेकून द्या. वरचा थर फिका दिसेपर्यंत पुन्हा पाणी नको. उगवण होईपर्यंत घातलेलं प्लास्टिकचं झाकण कोंब दिसताच काढा. छोटा पंखा रोज काही तास पानं जेमतेम हलतील इतका चालवा, त्याने वरचा थर सुकतो आणि खोडही जाड होतं. खताची घाई नको. पहिली खरी पानं (बीजदलांनंतरची) येईपर्यंत बीजदलांतला साठा आणि गांडूळखत पुरतं. त्यानंतर आठवड्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पुढे 1 ग्रॅम.

पाकिटातली बी गुलाबी किंवा निळी दिसली तर तिच्यावर बुरशीनाशकाचा थर असतो. हात धुवा, आणि उरलेली बी स्वयंपाकघरात ठेवू नका.

'15 दिवसांत सगळ्यांची रोपं तयार'

काकडी, दोडका, दुधी यांच्या बाबतीत हे खरं आहे. वेलभाज्यांची रोपं 12-15 दिवसांची, दोन खऱ्या पानांची असतानाच लावावीत, त्याहून जुनी झाली की मुळं दुखावतात. टोमॅटोला मात्र 25 ते 30 दिवस लागतात, वांग्याला 30 ते 35, मिरची आणि ढोबळीला 35 ते 40. 15 दिवसांत मिरचीला धड दोन खरी पानंही नसतात.

गाजर, मुळा, मेथी यांची रोपं करूच नका. सोटमूळ वाकलं की गाजराला दोन पाय फुटतात. कोथिंबीरही जागेवरच पेरायची. धणे हाताखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन दळ वेगळे करा, 8-10 तास भिजवा आणि पेरा. 10-15 दिवस वाट बघावी लागते. पुदिना बीपासून करायच्या भानगडीत पडू नका. जुडीतली ताजी काडी पाण्यात ठेवली की आठवड्याभरात मुळं येतात.

राहिलं 'लावायला तयार'. 10,000 लक्सखाली वाढलेलं रोप थेट लाखभर लक्सच्या उन्हात ठेवलं, तर दोन तासांत पानांवर पांढरे कोरडे चट्टे पडतात. म्हणून आधी 7 ते 10 दिवस त्याला बाहेरची सवय लावायची. पहिले दोन दिवस बाल्कनीत सावलीत, मग सकाळचं एक तास ऊन, पुढे रोज तास-दीड तास वाढवत न्यायचं. या दिवसांत पाणी थोडं ताणा, खत बंद ठेवा. वाऱ्याच्या दिवशी ट्रे आडोशाला ठेवा, कारण दिव्याखालच्या कोवळ्या पानातून पाणी झपाट्याने उडतं. लावणी संध्याकाळी करा आणि पहिले तीन दिवस दुपारी वर जुनी हिरवी जाळी किंवा सुती कापड धरा. चट्टे पडलेली पानं भरून येत नाहीत, पण शेंड्याची कोवळी पानं हिरवी असतील तर ते रोप फेकू नका.