कागदपत्रांतून वाचलेला संहार

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला घरी गेलो होतो, तेव्हा रस्त्यावरची बेशिस्त आणि सरकारी कचेऱ्यांतली दिरंगाई यांवरून निघालेले बोलणे एका वडीलधाऱ्या नातेवाइकांच्या वाक्यावर येऊन थांबले : ‘‘या देशाला एखादा हिटलरच पाहिजे.’’ कोणी हरकत घेतली नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शाळेत गणिताच्या कडक सरांना आम्ही मुले ‘हिटलर’ म्हणत असू, त्याच्या आत्मकथनाचा मराठी अनुवाद पदपथावरच्या पुस्तकांत सहज मिळत असे, आणि २००६ मध्ये नवी मुंबईत तर त्याच्या नावाचे उपाहारगृहच निघाले होते, जे नाव मुंबईतील ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर बदलावे लागले. असे बोलणाऱ्यांच्या मनात ज्यूंविषयी द्वेष नसतो, हे मी जाणतो. त्यांच्या लेखी तो शब्द शिस्तीचा आहे. त्या दिवशी वडीलधाऱ्यांचा मान राखून मी गप्प बसलो. हिटलरच्या नाझी राजवटीने केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या (होलोकॉस्टच्या) कागदपत्रांतून त्याचे उत्तर येथे देतो आहे.

बर्लिनमध्ये राहायला लागून मला अकरा वर्षे झाली. शहराच्या पश्चिमेला ग्रुनेवाल्ड स्थानकात सतरा क्रमांकाचा फलाट आहे, जिथून आता एकही गाडी सुटत नाही. रुळांच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर तारीख, नेलेल्या ज्यूंची संख्या आणि गाडी कुठे गेली ते कोरलेले आहे. पहिली तारीख १८ ऑक्टोबर १९४१ ची आहे. शेवटची २७ मार्च १९४५ ची : रशियन सैन्य ओडर नदीशी येऊन ठेपले होते, राजधानी पडायला जेमतेम महिना उरला होता, आणि तरीही अठरा माणसांना नाझींच्या तेरेझिनश्टाट छावणीत पाठवण्याचे काम ठरल्याप्रमाणे पार पाडले गेले. सुरुवातीची काही वर्षे मी या फलाटावरून मान खाली घालून परतत असे; दुःख होत असे, पण ते सगळे घडवले कसे गेले हे कळत नसे.

ते कळू लागले टाळेबंदीत, घरात बसून, संगणकाच्या पडद्यावर. नाझींच्या छळाला बळी पडलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांविषयीची कागदपत्रे जर्मनीतील बाड आरोल्सेन या गावी जपलेली आहेत. २०२० मध्ये या आरोल्सेन अर्काइव्ह्जने स्वयंसेवकांना आवाहन केले की नाझी छावण्यांतील कैद्यांची कार्डे पडद्यावर वाचा आणि त्यांवरील नावे टंकित करा, म्हणजे ती शोधता येतील. मी रोज रात्री दहा-बारा कार्डे करू लागलो. नाव, जन्मगाव, धर्म, व्यवसाय, पत्नीचे नाव. काही कार्डांवर आल्या दिवशी काढून घेतलेल्या वस्तूंची यादी, म्हणजे एक कोट, दोन सदरे, एक जोडी बूट, आणि खाली त्या माणसाची सही. कित्येक कार्डांचे अक्षर अतिशय सुबक आहे. कुणीतरी कारकुनाने ते मन लावून लिहिले आहे.

पुढे वर्षभर मी ऑनलाइन अभ्यासक्रम केले, या संहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेची शिक्षणसामग्री वाचली, आणि त्या सुबक अक्षराचा अर्थ उलगडत गेला. बर्लिनमधील ज्यू कुटुंबाला गाडीत बसवण्याआधी सोळा पानी मालमत्तापत्रक भरून द्यावे लागे, ज्यात खुर्च्या, चादरी, पायमोजे सगळे मोजायचे असे. रेल्वे खाते या गाड्यांचे भाडे सुरक्षा यंत्रणेकडून तिसऱ्या वर्गाच्या दराने वसूल करी. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. आपण ज्या शिस्तीसाठी हिटलर मागतो, तीच ही शिस्त आहे. साठ लाख ज्यूंच्या हत्येत ती आनुषंगिक नव्हती. ती नसती तर पश्चिम युरोपातल्या घराघरांतून माणसे वेचून शेकडो मैलांवर पोलंडमध्ये नेऊन मारणे शक्यच झाले नसते.

घरचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आपल्याकडे बंगालचा दुष्काळ झाला, फाळणी झाली, जातीचे अत्याचार आजही होतात, परक्यांचे दुःख कशाला अभ्यासायचे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि युरोपात आपल्या दुःखांना मिळणारी जागा तोकडी आहे हे मी रोज पाहतो. पण हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही. आकाशवाणीची जी सुरावट ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्या जाग्या झाल्या, ती रचण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन हे १९३४ मध्ये मुंबईत आश्रयाला आलेले ज्यू संगीतकार. त्याच वर्षी मुंबईतील ज्यूंनी अशा निर्वासितांसाठी मदत संस्था उभारली. कोकणातील बेने इस्रायली ज्यू, शनिवारी काम बंद ठेवणारे आपले शनिवार तेली, शतकानुशतके शेजारी म्हणून निर्भयपणे नांदले याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण मला वाटते, याच कारणाने ‘हिटलर’ हा शब्द आपल्या तोंडी इतका हलका झाला. त्याची किंमत आपल्या गल्लीत कुणी मोजली नव्हती. (आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचा दाखला येथे अनेकदा दिला जातो; मात्र १९४३ नंतर तिथे राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना हद्दपार केले होते ते सोव्हिएत सत्तेने. चांगुलपणा सांगतानाही तपशील नीट सांगावा.)

ऑनलाइन शिक्षणाविषयी मी निःशंक नाही. युनेस्कोच्या २०२२ च्या अहवालानुसार टेलिग्राम या ॲपवरील या विषयाच्या सार्वजनिक मजकुरापैकी जवळजवळ निम्मा मजकूर संहार नाकारणारा किंवा विकृत करणारा होता, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आउश्वित्झ या नाझी छावणीची खोटी छायाचित्रे फिरू लागली आहेत. एकट्याने भ्रमणध्वनीवर पाहत बसणारा मुलगा यात सहज वाहून जाईल. म्हणून सोबत माणसे हवीत, वेग कमी हवा, आणि भाषा आपली हवी. मराठीत या विषयाचे शब्दही अजून घडायचे आहेत. ‘हत्याकांड’ म्हटले की जालियनवाला बाग डोळ्यांपुढे येते, काही मिनिटांचा गोळीबार. हे तर अनेक वर्षे पद्धतशीर चालले. ‘छळछावणी’ हा शब्द आपण पोलंडमधल्या त्रेब्लिंकालाही लावतो, पण तिथे आणलेल्या बहुतेकांना काही तासांतच ठार केले जाई, आणि छावणी म्हणून राहण्याची वेळ फार थोड्यांवर आली. त्याला मी संहारकेंद्र म्हणतो.

गेल्या हिवाळ्यापासून दर रविवारी आम्ही सहा-सात जण पडद्यावर भेटतो. बर्लिनमध्ये सकाळचे दहा, कोल्हापुरात दुपारचे अडीच. दोन तासांत एकच कागद वाचायचा, मी त्याचा मराठी अनुवाद आधी पाठवायचा, एवढाच नियम आहे. मागच्या खेपेला जर्मन परिवहन खात्याचे सचिव आल्बर्ट गान्झेनम्युलर यांचे २८ जुलै १९४२ चे पत्र घेतले, ज्यात ते कळवतात की २२ जुलैपासून रोज पाच हजार ज्यूंना घेऊन एक गाडी वॉर्साहून त्रेब्लिंकाला जात आहे. वडिलांचे एक स्नेही, रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालेले काका, ते पत्र बराच वेळ पाहत राहिले. ‘‘अर्ध्या तिकिटाचा हिशेब मीही तीस वर्षे केला,’’ ते म्हणाले, आणि मग त्यांनी विचारले की या साहेबांचे पुढे काय झाले. मी सांगितले की खटला उभा राहायला १९७३ साल उजाडले, हृदयविकाराच्या कारणाने तो थांबला, आणि १९९६ मध्ये ते शिक्षा न होताच वारले. काकांनी त्या खटल्याविषयी मिळेल ते पुढच्या रविवारी वाचायला मागितले आहे. अनुवाद अर्धा झाला आहे.