शाळा सोडण्याचे कारण

नवतपा लागला की नागपुरात शहाणी माणसं दोनच कामं करतात. एक, कुलरमध्ये पाणी भरणं; दोन, कुलरमधलं पाणी संपलं का ते बघणं. यंदा मला तिसरं काम लागलं : भाचीच्या एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी 'संबंधित साहित्याचा आढावा'.

विषय तिचा. ग्रामीण मुलांची शिक्षणापर्यंत पोहोच. (मला 'पोच' म्हटलं की पंचायत समितीत अर्ज देऊन शिक्का मारून घेतात तीच आठवते.) ती दिवसभर शिकवणी वर्गात पोरांना गणित शिकवते, रात्री जेवतानाच पेंगते. मार्गदर्शक बाईंनी तीस संदर्भ मागितलेले, त्यातले निम्मे परदेशी. मी काटोलकडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये एकतीस वर्षं काढून घरी बसलेला. "मामा, तुमच्याकडे वेळच वेळ आहे," असं म्हणून तिनं लॅपटॉप कुलरसमोर मांडला. "काही नाही, फक्त शब्द टाकायचे अन् शोधायचं."

ज्या डेटाबेसमध्ये शोधायचं त्याचं नाव एरिक. पहिला दिवसभर मी त्याला मनातल्या मनात एरिकभाऊच म्हणत होतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं हे कोठार १९६४ पासून भरत आलेलं आहे. पूर्वी त्यातले कागद मायक्रोफिशवर, म्हणजे फिल्मच्या पत्त्यांवर मिळायचे. आता घरबसल्या आणि फुकट. पंधरा लाखांहून जास्त नोंदी. प्रत्येकीला नंबर असतो. नियतकालिकातला लेख असला तर नंबर 'ईजे'नं सुरू होतो, अहवाल वगैरे असला तर 'ईडी'नं. संध्याकाळी भाची फाटकातून आत येत होती तेव्हा मी ओसरीवरूनच ओरडून सांगितलं, "आज ईडीचे सात आले!" शेजारचे कंत्राटदार झाडांना पाणी घालत होते. ते पाइप तसाच टाकून घरात गेले.

पण हे सात सहज आले नव्हते. सुरुवातीला मी साध्या इंग्रजीत, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन, विचारलं होतं की मुलं शाळेत का येत नाहीत. हजारो नोंदी आल्या. परीक्षेच्या भीतीवर, बसच्या वेळांवर, आणि बर्फ पडल्यामुळे शाळा बंद ठेवल्यास अभ्यासाचं किती नुकसान होतं यावर. बाहेर शेहेचाळीस अंश. मी बर्फावरची दोन सारांशं उगाच वाचली. बरं वाटलं.

मग नुसतं 'ॲक्सेस' टाकलं. तर संगणकाचा ॲक्सेस, माहितीचा ॲक्सेस, आरोग्यसेवेचा ॲक्सेस, सगळे एका पंगतीत येऊन बसले. भाची म्हणाली, "असं नाही मामा. त्याचा थिसॉरस आहे. त्यात जो शब्द असेल तोच टाकायचा."

हा थिसॉरस म्हणजे शब्दांची सोयरीक जुळवायची वही आहे. प्रत्येक शब्दाखाली त्याचं खानदान दिलेलं : याच्या वरचा शब्द कोणता, पोटातले कोणते, नात्यागोत्यातले कोणते. आणि काही शब्दांसमोर सरळ लिहिलेलं, की हा वापरू नका, त्याऐवजी तो वापरा. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या खात्यातून अशी परिपत्रकं दर सहा महिन्यांनी यायची.

तिथे शाळा बुडवणारा वेगळा, शाळा सोडणारा वेगळा आणि शाळेबाहेरचा तरुण आणखी वेगळा. तिघांचे शब्द तीन. माझ्या वर्गात हे तिघं मिळून एकच पोट्टं असायचं. पोळ्याच्या आगेमागे तो शाळा बुडवायचा, दिवाळीनंतर सोडायचा आणि होळीच्या सुमारास शाळेच्या कुंपणाबाहेर बकऱ्या चारताना मला 'नमस्ते गुरुजी' म्हणायचा. त्याला कोणत्या खान्यात टाकू?

नाल्याचा घोळ तर विचारूच नका. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, सहावी ते आठवीची तीनच्या आत. आमची शाळा टोलीपासून, म्हणजे पोरं राहायची त्या वस्तीपासून, अर्धा किलोमीटरच होती. कायदा खूश. फक्त मध्ये नाला होता. जुलैत पाणी चढलं की ते अर्धं किलोमीटर पुलावरून फिरून पाच व्हायचं, आणि पहिलीतलं लेकरू पाच किलोमीटर चालत नाही. हा मुद्दा परदेशी संदर्भानिशी मांडावा म्हणून मी नाल्याचं इंग्रजी टाकलं : स्ट्रीम. तर हुशार आणि ढ मुलांचे वर्ग वेगळे करावेत की नाही यावरचा वाद समोर आला, त्यालाही तिकडे स्ट्रीमिंगच म्हणतात. त्यामागून व्हिडिओच्या स्ट्रीमिंगवरचे लेख आले. पाणी कुठेच नाही. आमच्या नळासारखं.

एकदा मात्र हात लागला. चिडून मी 'कापूस वेचणी' इंग्रजीत टाकलं आणि धागा धरत धरत पोचलो थेट अमेरिकेच्या दक्षिणेत. मिसिसिपी, आर्कान्सा. तिथल्या खेड्यांतल्या काळ्या मुलांच्या शाळा कापूस वेचणीच्या दिवसांत बंद ठेवायचे आणि भरपाई म्हणून त्या ऐन उन्हाळ्यात भरवायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. मी खुर्चीत सरळ झालो. आमच्याकडे शाळा बंद होत नव्हती, वर्ग तेवढा रिकामा व्हायचा, चाळीसातले सतरा. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, आणि बोंडातून कापूस काढायला लहान बोटं चपळ असतात. काटोल आणि मिसिसिपी एका रांगेत बसवणारं हे वाक्य माझ्या डोक्यात तयारसुद्धा झालं.

तर तो पूर्ण लेख एका परदेशी प्रकाशकाकडे, कुलपात. उघडायचे चाळीस डॉलर. तेवढ्यात आमच्या शाळेची वर्षाची खडूची खरेदी व्हायची, झाडू धरून. सारांशाच्या आठ ओळी वहीत उतरवल्या आणि पुढे गेलो.

देशी संदर्भांसाठी शोधगंगा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं सांभाळलेली, देशभरच्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे ठेवलेले असतात. प्रबंधाचं एकेक प्रकरण वेगळ्या फाइलीत. मी ऋणनिर्देशाच्या फाइली आवडीनं वाचल्या. मार्गदर्शकांचे आभार पहिल्या परिच्छेदात, बायकोचे शेवटच्या. पाच-सहा वाचल्यावर भाचीनं पकडलं. "मामा, तुम्ही काय करून राहिले?" आढावा, म्हटलं.

सतराव्या दिवशी सत्तावीस संदर्भ झाले. (महात्मा फुल्यांचं १८८२ चं हंटर आयोगापुढचं निवेदन मी न शोधताच सांगितलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी तेव्हाच मागितलं होतं. भाची म्हणाली, चांगलं आहे, पण परदेशी नाही.) त्या रात्री ती कधी नव्हे ती जागी होती. मी एरिकच्या शब्दांना शिव्या घालत होतो : नाल्याला शब्द नाही, बकरीला शब्द नाही, धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसणाऱ्या पोरीला शब्द नाही, ज्यानं पोट्टं कधी पाहिलं नाही तो थिसॉरस लिहितो!

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तुमच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक रकाना असते ना, शाळा सोडण्याचे कारण? त्यात तुम्ही काय लिहायचे?"

"सतत गैरहजर."

"नेहमी?"

"गाव सोडून गेले असतील तर स्थलांतर. नाही तर पालकांच्या विनंतीवरून."

"बस?"

"बस. तपासणीला हेच चालायचं."

"म्हणजे तुमचा थिसॉरस तीन शब्दांचा," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मग तिनं पेन घेतलं. "त्या विनंतीवाल्यांतलं एखादं आठवते का? खरं काय होतं?"

आठवत होतं. चौथीतला मुलगा. बाप सकाळीच दारात येऊन उभा राहिला, चप्पल बाहेर काढून. म्हणाला, "गुरुजी, पोट्ट्याला तुमची भीती वाटते. रात्री झोपेत ओरडते." आदल्या आठवड्यात पाढे चुकले म्हणून मी त्याला छडीनं मारलं होतं, किती, ते मोजलं नव्हतं. मी रजिस्टर उघडलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून, आणि खाली सही केली.

मी हे सांगितलं. पंख्याचा आणि कुलरचा आवाज चालू होता. ती लिहीत नव्हती.

"हे शिक्षणहक्काच्या कलम सतरामध्ये येते," ती जरा वेळानं म्हणाली. "शारीरिक शिक्षेला बंदी."

"तेव्हा तो कायदा नव्हता."

"हो." तिनं लॅपटॉप पुढे ओढला, खोक्यात कर्सर लुकलुकत होता. "मामा, काय शब्द टाकू?"

"कुलरमधलं पाणी संपलं वाटते," मी म्हणालो, आणि बादली घेऊन उठलो.