एफ५ दाबलं आणि...

सगळं सुरू झालं एका फोल्डरमुळे. फोटोंचा होता, एका विंडोतून दुसऱ्या विंडोत ओढत होतो, मधेच बोट सटकलं आणि तो वाटेतल्याच कुठल्यातरी फोल्डरच्या पोटात पडला. कुठल्या, ते दिसलंच नाही. कंट्रोल झेड दाबून केलेलं मागे घ्यायला डोकं ठिकाणावर लागतं, माझं घाबरून चार ठिकाणी क्लिक करून झालं होतं. बरं, एकाच ड्राइव्हवर ओढलं तर विंडोजमध्ये फाइल हलते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर कॉपी होते हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे काही फोटो चार चार ठिकाणी आहेत आणि काही कुठेच नाहीत.

यात बोटाची काही चूक नाही, फाइल मॅनेजरच, म्हणजे फायली दाखवणारं-हलवणारं सॉफ्टवेअरच, बदलायला हवा, असं मी ठरवून टाकलं. (फोल्डर शोधणं हा दुसरा पर्याय होता, पण त्यात मजा नाही.)

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मामा, दोन पॅनेलवाला घे, डावीकडून उजवीकडे, ओढाओढीच नाही. ही कल्पना काही आजची नाही म्हणे, १९८६ साली डॉसवर नॉर्टन कमांडर आला तेव्हापासूनची, निळा स्क्रीन, दोन पॅनेल, एफ५ दाबलं की कॉपी, एफ६ की हलव, एफ८ की उडव. त्याची पिलावळ अजून नांदतेय. त्यातला टोटल कमांडर घेतला, हा आधी विंडोज कमांडर होता, २००२ साली नाव बदललं. पैसे भरेपर्यंत उघडताना दरवेळी तीन बटणं दाखवतो आणि अमुक नंबरचं दाबा म्हणतो. बायकोने दोन दिवस बघितलं आणि विचारलं, "रोज सकाळी कसली परीक्षा देतोयस?"

परीक्षेत पास होत होतो, नापास झालो एफ५ मध्ये. आयुष्यभर एफ५ म्हणजे रिफ्रेश. काही सुचत नसलं की मी एफ५ दाबतो, लोक उसासा टाकतात तसं. इथे रिफ्रेश कंट्रोल आर ला आहे, आणि एफ५ ला "कॉपी करू का?" अशी खिडकी येते, आणि कुठलीही खिडकी आली की न वाचता एंटर मारायची सवय मला आहेच, त्यामुळे मी नुसता विचार करत बसलो की इकडचं तिकडे कॉपी होऊन पडायचं. आठवडाभरात मी इतका विचार केला की डिस्क भरत आली.

मग म्हटलं परत विंडोजच्या स्वतःच्या फाइल एक्सप्लोररवर जाऊ, २०२२ मध्ये त्याला टॅब आले आहेतच. टॅब छान आहेत. इतके छान की ब्राउझरसारखे एकोणीस उघडून ठेवले आणि मग "चालू काम कुठल्या टॅबमध्ये आहे" हा नवा शोध सुरू झाला.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे भाच्याने रेंजर नावाचा एक फाइल मॅनेजर बसवून दिला. काळ्या टर्मिनलमध्ये तीन कॉलम, जे दाबलं की खाली, के दाबलं की वर, डीडी म्हणजे कट, पीपी म्हणजे पेस्ट. "माउस लागतोच कशाला मामा?" असं म्हणून तो गेला. खरं सांगतो, दिसायला एकदम भारी, शेजारचा बघून गेला आणि मला हॅकर समजला. पण एकदा कॅप्स लॉक चालू राहिला आणि त्यानंतर मी काय काय दाबलं ते मला माहीत नाही, लॅपटॉपला माहीत असेल.

सध्या एका फुकटच्या दोन पॅनेलवाल्यावर येऊन टेकलोय, डबल कमांडर. यात शॉर्टकट बदलता येतात, एफ५ ला मी आता रिफ्रेश बसवलंय, रंग जुळवलेत, फॉन्टचा प्रश्न दोन रात्रीत मिटला. डावीकडे डाउनलोड्स उघडलंय, त्यात टाकून बघितलेल्या सगळ्या फाइल मॅनेजरांचे सेटअप आहेत. उजवीकडेही डाउनलोड्सच, कारण दुसरं काय उघडायचं होतं ते आठवत नाही.

काल बायकोने विचारलं, "ते फोटो सापडले का?"

म्हटलं, थांब गं, आधी या तारखेच्या कॉलमची रुंदी नीट होऊ दे.